डबल लिफ्टमध्ये पानं फाकतात? आधी डावा हात तपासा

डबल लिफ्ट शिकणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. घरी एकट्याने करताना जमते, समोर कुणी बसलं की दोन पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडा फाकलेल्या दिसतात. कधी दोनाऐवजी तीन उचलली जातात, कधी एकच. मग माणूस उजव्या हाताने पान उलटायची क्रिया आरशासमोर घोटत बसतो, कारण चूक तिथे दिसते. माझ्या मते उजवा हात बहुतेक वेळा बिनदोष असतो. बिघाड त्याच्या आधीच्या दोन सेकंदांत, डाव्या हातात झालेला असतो. उलटताना तो फक्त उघडा पडतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. डबल लिफ्ट म्हणजे कॅटच्या वरची दोन पानं एकच पान असल्यासारखी उलटून दाखवणं. बघणाऱ्याला वाटतं वर बदामची राणी आहे, प्रत्यक्षात ती वरून दुसरी असते. दोन्ही पानं पुन्हा पालथी केली आणि सगळ्यांत वरचं पान कॅटच्या मधे खुपसलं, की त्याच्या लेखी राणी मधे गेली. ती मात्र आता खरोखरच वर आलेली असते. अँबिशस कार्ड हा प्रयोग, ज्यात मधे घातलेलं पान पुन्हा पुन्हा वर येतं, बराचसा याच एका युक्तीवर चालतो. म्हणून ती दहापैकी आठ वेळा जमून भागत नाही.

आधी निदान: लाल-काळा कॅट

उपाय शोधण्याआधी दोष कोणता आहे ते ठरवा. ‘कधीकधी बिघडतं’ एवढ्यावर काहीच दुरुस्त होत नाही.

जोकर बाजूला काढा. उरलेली 52 पानं एक काळं, एक लाल, पुन्हा काळं, पुन्हा लाल अशी लावा. पालथ्या कॅटमध्ये सगळ्यांत वर काळं पान हवं, इस्पिक असो की किलवर. आता डबल लिफ्ट करा. दोनच पानं उचलली गेली असतील तर बदाम किंवा चौकट दिसेल, म्हणजे लाल. ती जोडी टेबलावर बाजूला ठेवा आणि पुढची उचला. हात पक्का असेल तर शेवटपर्यंत लालच लाल. काळं दिसलं तर तुम्ही एकच उचललंय किंवा तीन. किती ते लगेच मोजा, कागदावर टिपा, पानं होती तशी कॅटवर परत ठेवा आणि तीच जोडी पुन्हा उचला. परत ठेवायला विसरलात तर पुढचा सगळा क्रम उलटा होतो आणि तपासणी वाया जाते. हातात आठ-दहा पानं उरली की पकडच बदलते, तेव्हा शेवटच्या काही जोड्यांचे निकाल धरू नका.

याच तपासणीत आणखी एक करा. प्रत्येक डबल तीन ठिकाणी थांबवा: ब्रेक (दोन पानांखाली करंगळीने धरलेली फट) घेतल्यावर, पानं अर्धी उलटून उभी असताना, आणि कॅटवर उताणी पडल्यावर. तिन्ही ठिकाणी कडा बघा. पहिल्याच थांब्यावर पानं फाकलेली असतील तर दोष जुळवणीत. पहिल्या थांब्यावर चोख आणि दुसऱ्यावर फाकलेली, तर उजव्या हाताच्या चिमटीत. पडल्यावर फाकत असतील तर डावा अंगठा उशिरा येतोय.

कागदावर ‘तीन’ जास्त वेळा आलं असेल तर पुढचं सगळं सोडून थेट कॅटबद्दलचा भाग वाचा. पुष्कळदा हाताचा काही संबंध नसतो. ‘एक’ जास्त आलं असेल तर अंगठा दुसऱ्या पानापर्यंत पोचत नाहीये, आणि त्याचं उत्तर लगेच पुढे आहे.

ब्रेक आणि जुळवणी

ब्रेक म्हणजे वरची दोन पानं आणि उरलेला कॅट यांच्यामध्ये करंगळीने धरलेली फट. कॅट डाव्या तळहातावर, तर्जनी पुढच्या आखूड कडेला वळलेली, मधलं बोट आणि अनामिका उजव्या लांब कडेला, करंगळी तुमच्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यापाशी, अंगठा वर. ही पकड सैल असली तरी चालते, पण या चार दिशांपैकी एक जरी मोकळी राहिली तर पानं त्या दिशेने निसटतात. तर्जनी पुढे न वळवता बाकी बोटांबरोबर उजव्या कडेला ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. त्यांची पानं नेहमी पुढच्या बाजूलाच फाकतात, आणि तर्जनी जागेवर आली की तक्रार तिथेच संपते.

दोन पानं वेगळी करायच्या पद्धती पुष्कळ आहेत. करंगळीने कोपऱ्यावर मोजायची पद्धत दिसायला देखणी, पण नवशिक्याने तिच्या नादी लागू नये. साधी पद्धत अशी: बोलता बोलता डाव्या अंगठ्याने वरचं पान थोडं उजवीकडे सरकवा, मग त्याच्याखालचं त्याहून कमी. दोन वेगवेगळे धक्के, एकच मोठा नव्हे. एकाच धक्क्यात दोन पानं सरकवणं ही पुढची पायरी आहे आणि एक-तीनचा घोळ बहुतेक तिथूनच येतो. आता करंगळीचं टोक दुसऱ्या पानाच्या उजव्या कडेखाली टेकवा आणि अंगठा सपाट ठेवून दोन्ही पानं एकदम मागे ओढा. करंगळी जागेवर राहते, फट तयार होते. बघणाऱ्याला वाटतं तुम्ही पानांशी चाळा करताय.

यानंतरचा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पानं फाकण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. पानं मागे ओढल्यावर ती कॅटशी जुळलेली वाटतात, पण एकमेकांशी जुळलेली नसतात. दोन पानं दोन वेगळ्या अंतरांवरून आलेली असतात, त्यांच्यात तिरकेपणा थोडा तरी राहतोच. म्हणून उजवा हात वरून आणा. अंगठा तुमच्या बाजूच्या आखूड कडेवर, मधलं बोट पुढच्या आखूड कडेवर, आणि एकदाच हलकेच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवा. त्याच वेळी डाव्या हाताच्या अंगठ्याचा फुगीर भाग आणि समोरची बोटं पानांना आडव्या दिशेने दाबतात. कॅट नीट करायला कुणीही करतो तीच ही हालचाल, त्यामुळे तिच्यावर संशय येत नाही. ती मोकळेपणाने करा, लपवू नका.

फटीचा आकार हा दुसरा घोळ. करंगळीचं अख्खं पेर आत घालायचं नसतं. टोकाचं मांस दोन पानांच्या कोपऱ्याखाली जेमतेम अडकलं तरी पुरे, एक-दोन मिलिमीटर. त्याहून मोठी फट झाली की वरची दोन्ही पानं कमानीसारखी वाकतात, उचलताच सरळ व्हायला बघतात, आणि ती दोन्ही सारख्या वेगाने सरळ होत नाहीत. तिथेच कडा सुटतात. तपासायचं असेल तर कॅट डोळ्यांच्या उंचीवर धरून पुढून बघा. पुढच्या कडेला रेघ दिसत असेल तर करंगळी जास्त आत आहे. सराव करून करंगळी दुखत असेल तरी तेच समजा.

उजवी चिमटी

जुळवणी नीट असूनही उलटताना पानं फाकत असतील तरच उजव्या हाताकडे वळा.

उजव्या हाताचा अंगठा फटीत, दोन पानांच्या खाली जातो. तर्जनी किंवा मधलं बोट त्यांच्या वर येतं. ही दोन्ही बोटं बरोबर एकमेकांसमोर हवीत. अंगठा अर्धा सेंटिमीटर मागे आणि बोट पुढे असेल तर उलटताना अंगठा खालचं पान एकीकडे ओढतो, बोट वरचं दुसरीकडे, आणि पानं सरकतात. खात्री करायला कॅट बाजूला ठेवा, नुसती दोन पानं चिमटीत धरून मनगट फिरवा. बोटं समोरासमोर असतील तर दोन पानं मुद्दाम वेगळी करायचं ठरवलं तरी सहज होत नाहीत. एक बोट थोडं सरकवून पुन्हा फिरवा, फरक लगेच कळेल.

दाब कमी ठेवा. घट्ट धरलं की सुरक्षित वाटतं खरं, पण घट्ट धरलेली पानं वाकतात, आणि अख्खा हात ताठ झाला की समोरच्याला काहीतरी चाललंय हे जाणवतं. एक पान उचलायला कुणी एवढा जोर लावत नाही.

पानं हवेत उचलू नका. डावी लांब कड कॅटवरच टेकलेली ठेवून उजवी कड पुस्तकाचं पान उलटावं तशी डावीकडे आणा. जोडी कॅटच्या आधाराने फिरते, त्यामुळे तिला फाकायला जागाच मिळत नाही. पान हवेत धरून फटकारणं, बोटांवर फिरवणं वगैरे व्हिडिओंत फार छान दिसतं. साधी डबल लाल-काळ्या तपासणीत चोख निघेपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. दोन पानं फटकारल्याचा आवाज एका पानासारखा येत नाही, आणि कान असलेल्या प्रेक्षकाला तो कळतो.

जोडी कॅटवर पडते त्या क्षणी डावा अंगठा वर आलेला हवा. तो उशिरा आला तर वेगामुळे वरचं पान पुढे घसरतं. अंगठा लवकर आणायला जमत नसेल तर उलटण्याचा वेग कमी करा. संथ डबल संशयास्पद दिसते हा गैरसमज आहे. संशयास्पद दिसते ती बाकी सगळं संथ असताना मधेच वेगाने केलेली हालचाल.

कॅट

इथे आपल्या हवेचा संबंध येतो. पत्ते कागदाचे असतात: कागदाचे दोन थर, मधे प्रकाश आरपार जाऊ नये म्हणून गडद गोंद, आणि वर लेप. कागद ओल धरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात किंवा मुंबईत उघडा ठेवलेला कॅट फुगतो, पानं थोडी वाकतात आणि एकमेकांना चिकटून सरकतात. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट आणि बदाम सात खेळून झालेल्या कॅटवर दुसऱ्या दिवशी डबल लिफ्ट करून बघा. दोन मागितली तर तीन येतील, आणि त्यात तुमचा काही दोष नसेल. वर चिवड्याचं तेलही असतं.

म्हणून सरावाचा कॅट खेळाच्या कॅटपासून वेगळा ठेवा. पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात, नव्या बुटांच्या किंवा बॅगेच्या खोक्यात येते तसली सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, आणि वर वजन म्हणून दोन जाड पुस्तकं. पानं एका बाजूला वाकली असतील तर सगळा कॅट उलट दिशेला हळूच वाकवून सरळ करा. मात्र अख्खा कॅट एकदम. एकेक पान हाताळलं की प्रत्येकाचा बाक वेगळा होतो आणि वेगळ्या बाकाची दोन पानं कितीही जुळवली तरी फाकतातच. कॅट पिसताना काही पानं उलटसुलट फिरून आली असतील तरी हाच त्रास होतो. टॅल्कम पावडर लावायचा सल्ला ऐकू नका. ती घामात गोळा होते आणि सगळं आणखी बिघडतं.

याच्या उलट टोक म्हणजे कोरा करकरीत कॅट किंवा पूर्ण प्लास्टिकची पानं. बायसिकल या अमेरिकन ब्रँडसारख्या पत्त्यांवर बारीक खळग्यांचा उठाव असतो, त्यात हवेचा पातळ थर राहतो आणि पानं गुळगुळीत सरकतात. पंखा करायला हे छान, डबल लिफ्टला पहिले काही दिवस त्रासदायक. नवा कॅट भरपूर पिसून, पुन्हा पुन्हा पंखा करून थोडा मुरवला की पानं जरा धरून राहतात. प्लास्टिकच्या पानांवर शिकूच नका. ती धुता येतात आणि पावसाळ्याला पुरून उरतात, पण एकमेकांवर थांबत नाहीत.

आकारही बघा. पोकर आकाराचं पान 63.5 मिलिमीटर रुंद असतं, ब्रिज आकाराचं सुमारे 57. उंची दोन्हींची सारखीच, सुमारे 89. हात लहान असेल आणि करंगळी कोपऱ्यापर्यंत ओढून न्यावी लागत असेल तर ब्रिज आकाराच्या पानांवर शिकण्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडच्या दुकानांत साधारण तेच मिळतात.

बोटांचंही तसंच. वातानुकूलित ऑफिसात बोटं कोरडी पडतात आणि पकड जाते. हात धुऊन थोडं क्रीम लावा, पण सादर करायच्या बऱ्याच आधी. घामट हात असतील तर रुमाल खिशात हवाच, कारण ओलं बोट वरचं पान चिकटवून ओढतं आणि खालचं मागे राहतं.

लोकांसमोरच का बिघडतं

घरी लाल-काळा कॅट शेवटपर्यंत लाल निघतो, आणि मावसभावासमोर बसलं की पहिलीच डबल फाकते. घाबरल्याने हात थरथरतात, हे त्याचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं वेळेत आहे. घरी तुम्ही ब्रेक घेता, जुळवता, मग उलटता, कारण घाई नसते. लोकांसमोर पान दाखवायची वेळ आल्यावर ब्रेक आठवतो. सगळे हाताकडे बघत असतात, त्यामुळे जुळवणी गाळली जाते आणि जोडी तिरकी उचलली जाते.

यावर उपाय एकच: ब्रेक आधीच घेऊन ठेवा. आधीचा भाग संपून लोक हसताहेत, कुणी पान शेजाऱ्याला दाखवतंय, तुम्ही कुणाचं नाव विचारताय, तेव्हा कॅटकडे कुणाचंच लक्ष नसतं. ती दोन सेकंद तुमची. ब्रेक घेऊन झाल्यावर कॅट हातात निवांत राहू द्या, दुसरंच काही बोला. उलटायच्या आधी समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारा, ‘तुमचं पान कोणतं होतं?’ माणूस उत्तर देताना विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही स्वतः हाताकडे बघत असाल तर तोही तिकडेच बघणार.

आरशासमोर सराव करणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कळत नाही: युक्तीच्या नेमक्या क्षणी ते डोळे मिटतात. स्वतःची फसवणूक बघायला मन तयार नसतं की काय कोण जाणे, पण हे जादूगारांमध्ये सर्रास आढळतं. मोबाइलवर चित्रण करा. मोबाइल उंचावर नको, समोर खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. फट मागून आणि उजवीकडून उघडी पडते, समोरून सहसा नाही.

त्याच चित्रणात दुसरी गोष्ट बघा, आणि ही पानं फाकण्यापेक्षाही जास्त वेळा पकडवते. एकच पान उलटायचं असतं तेव्हा तुम्ही कसं उलटता? साध्या वेळी अंगठ्याने सरकवून दोन बोटांनी सहज, आणि डबलच्या वेळी उजवा हात वरून येऊन कोपऱ्यात काहीतरी शोधतो, असं असेल तर जोडी कितीही चोख जुळलेली असो, फरक दिसतो. बदल डबलमध्ये करू नका, एका पानात करा. यापुढे प्रत्येक पान, अगदी घरात रमी खेळतानाही, डबलच्याच पद्धतीने उलटायला लागा.

डाय व्हर्नन या कॅनडात जन्मलेल्या जादूगाराचा आयुष्यभर आग्रह हाच होता, हालचाल नैसर्गिक दिसली पाहिजे. 1922 साली शिकागोत त्याने प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनीला चकवलं ते वर येणाऱ्या पानाच्याच प्रयोगाने. कुठलाही पत्त्यांचा प्रयोग तीनदा बघितला की आपल्याला उलगडतो, ही हुडिनीची बढाई होती. व्हर्ननने तीनाहून अधिक वेळा करून दाखवला, आणि नंतर ‘हुडिनीला फसवणारा माणूस’ ही ओळख त्याला कायमची चिकटली. इतक्यांदा बघणाऱ्या माणसासमोर एकदा जमलेली सुंदर डबल उपयोगाची नसते. सगळ्या एकसारख्या लागतात.

भर प्रयोगात बिघडलं तर

समजा निवडलेलं पान वरून दुसरं आहे आणि डबलऐवजी तीन उचलली गेली. भलतंच पान दिसलं. चेहऱ्यावर काही आणू नका. तिन्ही पानं तशीच पालथी करा, क्रम बदललेला नाही. म्हणा, ‘अजून वर पोचलेलं नाही, थोडा धीर धरा,’ कॅटवर टिचकी मारा, बोलता बोलता नीट ब्रेक घ्या आणि खरी डबल करा. निवडलेलं पान दिसेल. एकच उचललं गेलं तर ते आणखी बरं. वर भलतंच पान आहे हे समोरच्याने आता स्वतः बघितलंय, त्यामुळे ते पालथं करून टिचकीनंतर केलेली डबल पहिल्यापेक्षा जास्त परिणाम करते. काही जण हे मुद्दाम करतात.

पानं उघडउघड फाकली, दोन दिसलीच, तर मात्र सारवासारव नको. ‘पानं चिकटली वाटतं’ हे वाक्य कुणालाच पटत नाही. जोडी कॅटवर टाका, कॅट काटा, समोरच्याच्या हातात पिसायला द्या आणि दुसरा प्रयोग सुरू करा. डबल लागत नाही असा एखादा प्रयोग यासाठी नेहमी तयार असू द्या. तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचा मोह त्या बैठकीत तरी टाळा, कारण आता सगळ्यांची नजर नेमकी त्या कोपऱ्यावर खिळलेली असते.